चौथ्या ठिकाणचं नाव

आमच्या कोनोंगो गावात कुणी वारलं की घरच्यांचं रडणं आटोपायच्या आत दोन माणसं दारात हजर होतात. एक पाद्री आणि दुसरा अडोमाको. पाद्री आत्म्याची चौकशी करतो, अडोमाको फोटोची. "बाकीचं राहू द्या वहिनी, हसरा फोटो आहे का तेवढं बघा. पासपोर्टचा नको. पासपोर्टच्या फोटोत माणूस आधीच गेल्यासारखा दिसतो." हे तो अगदी गंभीर चेहऱ्याने बोलायचा आणि रडणारी बाई कापडाच्या टोकाने डोळे पुसत मुकाट्याने कपाटाकडे वळायची.

त्याचा छापखाना लांबच्या बसगाड्या थांबतात त्या रस्त्याला, न्हाव्याच्या दुकानाला चिकटून. तिथे लग्नपत्रिका छापल्या जात, चर्चची पत्रकं छापली जात, पण खरा पसारा मयताच्या पुस्तिकांचा. वर हसरा फोटो, आत जीवनचरित्र, मग श्रद्धांजल्या, शेवटी भजनं. ती चरित्रं अडोमाको स्वतः लिहायचा. त्यात कुणी कधी दारू प्यायलेलं नसे आणि कुणाचं बायकोशी भांडण झालेलं नसे. मी सत्तर वर्षं या गावात काढली, त्यातली तेहतीस शाळेत पोरं हाकण्यात. निवृत्तीनंतर अडोमाकोच्या दारातल्या बाकावर बसून त्या पुस्तिका वाचायला लागलो तेव्हा वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुठल्यातरी गावात राहिलो असू.

श्रद्धांजल्यांचे त्याच्याकडे तयार मासले होते. बायकोची नवऱ्याला, भाच्यांची मामाला. परदेशातल्या मुलांसाठी वेगळा, त्यात 'वेळेवर विमान मिळालं नाही' हे वाक्य आधीच बसवलेलं. आणि 'लहान मुलांची आईला' असा एक. 'हे माते, तुझ्या सद्गुणांचा सुगंध आमच्या घरात दरवळत राहील.' हे वाचणार कोण, तर सात-आठ वर्षांचं पोर, ज्याला आई नक्की कुठे गेली तेही कुणी धड सांगितलेलं नसे. मोठी माणसं पोरांना सांगत, आई प्रवासाला गेलीय. आणि मग त्याच पोराला माइकपुढे उभं करून, आई, तू गेलीस, असं वाचायला लावत. यात कुणाला काही विचित्र वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

अडोमाकोला खरं तर वाटायला हवं होतं. तो नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप दरड कोसळून मेला. त्याला सांगितलं, बाबा तार्क्वाच्या खाणीवर कामाला गेलेत. पोरगं तीन वर्षं याच रस्त्यावर प्रत्येक बसमधून उतरणारी माणसं बघत उभं राहायचं. बाराव्या वर्षी एका मोठ्या मुलाने भांडणात तोंडावर फेकलं, "तुझा बाप मेलाय, येड्या." पुढे मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागला, उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायला शिकला आणि एकही चूक न करणारा कंपोझिटर म्हणून नाव कमावलं. चुकीची त्याला दहशत होती. न्हावी चिडवायचा, "अडोमाको, तुझी बायको आली तेव्हा तिचंही प्रूफ तपासलंस म्हणे?" यावर त्याची बायको अन्सा आतून ओरडायची, "तपासलं असतं तर मीच परत गेले असते!"

आता कोनाडूची गोष्ट.

कोनाडू बसच्या खिडक्यांशी पाव विकायची. डोक्यावर टोपली, त्यात गोड पाव. तिच्याच शेजारी तिवा, तिच्या टोपलीतही गोड पाव. सहा वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण कशावरून, तर कुमासीहून येणाऱ्या दुपारच्या एका बसच्या मधल्या खिडकीवरून. बस आली की दोघी अशा धावायच्या की आतले उतारू पैज लावायचे. मग तिवा पोटाच्या दुखण्याने गेली आणि महिन्याभरात कोनाडू तापाने. गावात बोललं गेलं, एकीला दुसरीशिवाय करमेना. मी बोललो का? बोललो असेन.

कोनाडूच्या मागे एक मुलगी राहिली, बिरागो, आठ वर्षांची. आजी पोकुआ तिला सांभाळू लागली आणि जाम्फीमामा, म्हणजे कोनाडूचा भाऊ, घरचा कर्ता म्हणून सगळा विधी बघत होता. बिरागो वाचनात हुशार. दुसरीत असताना चौथीचं पुस्तक घडाघडा वाचायची, तिच्या बाई कौतुकाने मला सांगायच्या. त्यामुळे श्रद्धांजली तीच वाचणार हे ठरलेलं.

पुस्तिका बुधवारीच छापून, पिना मारून तयार होती. शनिवारी सकाळी आजीचा निरोप आला, पोरीला ते बारीक अक्षर दिसेना, मोठ्या अक्षरात काढून द्या. अडोमाको बघतो तर बुधवारची फाइल लाइट जाताना कॉम्प्युटरने गिळलेली. लाइट अजून आलेली नव्हती, जनरेटर शेवटच्या घोटावर, बाहेर जाम्फीमामा गाडीचा हॉर्न वाजवतोय. त्याने महिन्यापूर्वीची तिवाची फाइल उघडली. तिच्या मुलांनी हाच मजकूर वाचला होता. नाव चार ठिकाणी होतं. तीन ठिकाणी त्याने बदललं. अक्षर मोठं केल्यामुळे शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेली होती, ती पडद्यावर दिसली नाही.

एवढंच. चाळीस वर्षांत एक चूक.

मांडवात त्याने कागद तिच्या हातात दिला, तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. तो वाकून म्हणाला, "बिरागो, कागदावर जे आहे तेच वाचायचं हं. आपल्या मनाचं एक अक्षर नाही." तिने मान हलवली. मयताचे काळे-तांबडे कपडे घातलेलं सगळं कोनोंगो समोर बसलेलं. माइक तिच्या उंचीवर आणायला दोन माणसं लागली. तिने वाचलं. छान वाचलं. सुगंध, सद्गुण, सगळं. बायका रडल्या. मग पान उलटलं आणि शेवटचा निरोप, जो आमच्याकडे मेलेल्या माणसाला नाव घेऊन तीनदा द्यायचा असतो, तो तिने खणखणीत आवाजात दिला.

"दामिरिफा दुए, आई तिवा. दुए. दुए."

लाउडस्पीकर तेवढा खरखरत होता.

आणि मी शेजारच्याच्या कानात म्हणालो, "बघ, मेल्यावरही तिवाने कोनाडूचं गिऱ्हाईक पळवलं."

कानात म्हणालो, असं मला वाटलं. तेहतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज, तो कानात कसला मावतो! मागची रांग हसली. मग त्यांच्या मागची. दोन मिनिटांत वाक्य मांडवभर फिरून स्वयंपाकाच्या चुलींपर्यंत गेलं आणि तिथून हसता हसता भांड्यांवर डाव आपटल्याचे आवाज आले. बिरागो माइकपुढे उभी, कागदाकडे बघतेय, लोकांकडे बघतेय. तिला कळत नव्हतं काय झालं. आजी पोकुआ खुर्चीवरून उठली आणि बोटांच्या पेरांनी तिच्या डोक्यात असा टोला हाणला की तो माइकमधून ऐकू आला.

अडोमाको पुढे झाला. त्याने पोरीच्या हातातून कागद काढून घेतला, घडी घातली आणि खिशात टाकला. सगळ्यांना वाटलं, बिचारा लेकराला सावरतोय. जाम्फीमामा तावातावाने आला. "अडोमाको, कागदावर काय लिहिलं होतं?"

अडोमाकोने पुस्तिका उघडून त्याच्यापुढे धरली. "पुस्तिकेत बघा ना. बरोबर आहे."

खोटं नव्हतंच ते. पुस्तिकेत 'कोनाडू' असंच होतं, चारही ठिकाणी. जाम्फीमामाने बघितलं, ओठ आवळले आणि भाचीकडे वळून म्हणाला, "आईचं नाव विसरलीस? आईचं?"

सोमवारी सकाळी अडोमाकोने दुकानाचं दार अर्धंच उघडलं. मला आत घेतलं आणि खिशातून कागद काढून टेबलावर पसरला. "मास्तर, कागदावर तिवाच होतं."

मी चष्मा लावून वाचलं. "मग आता?"

"मी जाऊन सांगतो."

"जाम्फीला? तो तुझ्या यंत्राचे तुकडे करून विहिरीत टाकेल. आणि पुढच्या मयताला लोक तुझ्याकडे येतील की कुमासीला जातील? जरा थांब. आठ दिवसांत विसरतील."

सल्ला शहाणपणाचा होता असं तेव्हा वाटलं. खरं कारण वेगळं. त्याने चूक कबूल केली असती, तर दुसऱ्याच वाक्यात लोकांनी विचारलं असतं की त्या पोरीवर पहिल्यांदा हसलं कोण.

आठ दिवसांत कोण विसरतंय! शाळेत पोरांनी बिरागोचं नाव 'तिवाची पोर' ठेवलं. पाव विकणाऱ्या बायका तिला बघून एकमेकींना कोपर मारायच्या. आजीने ठरवलं, तिवाच्या भुताने पोरीची जीभ धरलीय, आणि कुठूनतरी कडू पाला आणून तिला चघळायला लावला. पोरगी मुकाट चघळायची. आणि तिने मोठ्याने वाचणं सोडलं. वर्गात बाईंनी उभं केलं की पुस्तक हातात धरून उभी राहायची, ओठ हलायचे, आवाज नाही. बाई मला म्हणाल्या, "मास्तर, ती प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून तीन-तीनदा बघते हो. जणू अक्षरं पाठ फिरली की बदलतील."

हे मी अडोमाकोला सांगितलं. सांगायला नको होतं, पण बातमी पोटात राहत नाही माझ्या. तो कागद कापत होता. कापता कापता थांबला आणि पुस्तिकांच्या उरलेल्या कडांच्या पट्ट्या गोळा करायला लागला. त्याच पट्ट्यांवर त्याने पहिलं पुस्तक छापलं. बारा पानांचं, हाताएवढं, आई गेलेल्या मुलांसाठी. त्यात एक कोंबडी होती. कोंबडी लांब गावाला जाते आणि पिल्लं शहाण्यासारखी राहतात. चित्रंही त्यानेच काढली. कोंबडी बरीचशी पाद्रीसारखी दिसत होती.

शाळेने ते वर्गात वाचलं. पोरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोंबडी परत कधी येणार?" दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "आमचा कोंबडा पण नाताळला गावाला गेला होता. मग तो रश्शात सापडला."

बाईंनी हे सांगितल्यावर मी पोट धरून हसलो. अडोमाको हसला नाही. "मास्तर, तीन वर्षं मी बसेस बघत उभा होतो. आणि लिहायची वेळ आली तर मीही तिला गावालाच पाठवली."

दुसऱ्या पुस्तकात कोंबडी मेली. पहिल्याच पानावर, सरळ. 'कोंबडी मेली. मेली म्हणजे आता ती दाणे टिपणार नाही, हाक मारली तर येणार नाही.' एका पिल्लाला राग येतो, एक पिल्लू खातच सुटतं, एकाला काहीच वाटत नाही आणि काहीच वाटत नाही म्हणून भीती वाटते. आजीकोंबडी म्हणते, हे सगळं चालतं. अहो, हे पुस्तक चाललं! शेजारच्या गावांतून मागणी आली. ज्या घरी मयत, तिथे अडोमाको पुस्तिकांच्या गठ्ठ्याबरोबर पोरांसाठी ही दोन-चार चोपडी ठेवून यायचा. पाद्रीने प्रार्थनेनंतर त्याचं नाव घेतलं. रेडिओवाल्यांनी बोलावलं, 'मुलांचं दुःख जाणणारा माणूस' म्हणून. तिथून आला तेव्हा त्याचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

अन्सा मला म्हणाली, "मास्तर, लोक याच्याशी हात मिळवून जातात आणि हा आत येऊन साबणाने हात धुतो. विचारा याला, काय लागलंय हाताला?"

मी काय विचारणार! मला माहीत होतं.

त्याने ती पुस्तकं बिरागोच्या घरीही पाठवली होती. सगळी परत आली, न उघडता. एकीकडे साऱ्या तालुक्यातली पोरं त्याची कोंबडी वाचून रडून मोकळी होत होती आणि जिच्यासाठी ती लिहिली, ती पोरगी दुकानासमोरून जाताना मान खाली घालून रस्ता ओलांडत होती. तो कात्री हातात धरून तिच्या पाठीकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला, "ती मला टाळते. तिला माहीत असेल का?" मी म्हटलं, "नसेल. तुझ्याकडे बघून तिला तो दिवस आठवत असेल." यावर तो म्हणाला, "ते जास्त वाईट आहे." आणि आम्ही दोघांनी विषय बदलला. विषय बदलण्यात आम्ही दोघंही त्या वर्षी पटाईत झालो.

वर्ष भरायला सहा आठवडे होते. एका दुपारी शाळा सुटल्यावर बिरागो दुकानात आली. मी बाकावर होतो. ती आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "काका, दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट छापता का तुम्ही?"

वर्षभरात पहिल्यांदा ऐकला मी तिचा आवाज. घोगरा झाला होता.

"छापतो की. कुणाची गोष्ट?"

"एका मुलीची. तिची आई मरते. मुलगी माइकवर शेवटचा निरोप देते आणि नाव चुकते. दुसऱ्याच बाईचं घेते."

अडोमाकोने हातातला कागद टेबलावर ठेवला. "मग?"

"मग पुढचं तुम्ही लिहा. मला पुढचं माहीत असतं तर आले असते का?"

"तुला पुढे काय हवंय, बाळ?"

"आई वळली की नाही, ते." तिने हे इतक्या सरळ सांगितलं की जणू कुलपाची किल्ली मागतेय. "नाव घेतलं की माणूस वळतो ना? तिचं नाव तर घेतलंच नाही. मग तिला वाटलं असेल, हा निरोप आपल्याला नाही. ती अजून तिथेच उभी आहे का, की तशीच गेली? आणि तिवामावशीला दोन-दोन निरोप मिळाले, ती परत द्यायला येईल का?"

अडोमाकोने टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"आणि मुलगी चुकली कशी तेही लिहा. तिने कागदाकडे नीट बघितलं होतं. तरी चुकली. म्हणजे डोळे खराब असतील. नाहीतर मनातून वाईट असेल ती. पण तुम्ही लिहाल ते कळेल."

"दोन आठवडे दे मला," अडोमाको म्हणाला.

ती गेली आणि तो स्टुलावर बसला. मग त्याने लिहायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला आईला सगळ्या बायकांची नावं आवडत होती, म्हणून ती वळली. मी म्हटलं, "कोनाडू? तिवाच्या नावाला? ती उलट पाय आपटत निघून गेली असती." दुसऱ्या खेपेला एका देवदूताने चूक दुरुस्त केली. मी म्हटलं, "देवदूतही प्रूफं तपासतो का रे?" त्याने दोन्ही फाडली. तिसऱ्या खेपेला त्याने माझ्याकडे न बघता कागद पुढे सरकवला.

'मुलगी चुकली नाही. चूक छापणाऱ्याने केली. त्याने कागदावर चुकीचं नाव लिहिलं आणि तिला सांगितलं, जे आहे तेच वाच. तिने तेच वाचलं. मग छापणाऱ्याने कागद खिशात लपवला.'

"हे छापणार तू?"

"याच्याशिवाय शेवट नाही सुचत, मास्तर. आधीचे दोन्ही खोटे होते." मग कंपोझिटरच्या कोरड्या आवाजात, "लोक हसले तेही घालायला हवं. पहिल्यांदा कोण हसलं, ते घालू का?"

मी टोपी काढली, परत घातली. म्हटलं, "गोष्टीत माणसं कमी असावीत. पोरं गोंधळतात."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. 'लोक हसले' एवढंच लिहिलं.

बिरागो दोन आठवड्यांनी बरोबर त्याच वेळी आली. त्याने पुस्तक दिलं. एकच प्रत. तिने उभ्या उभ्या वाचलं, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून. चौथ्या पानावर बोट थांबलं. ती परत मागे गेली, परत तिथे आली. मग हात पुढे केला.

"कागद द्या."

त्याने गल्ल्याखालच्या खणातून घडी काढली. वर्षभर तिथेच होती. तिने ती टेबलावर सपाट केली, दुसरं पान वर घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "दामिरिफा दुए, आई... ति... वा." परत वाचलं. "तिवा. मी बरोबर वाचलं होतं."

"हो."

"सगळं?"

"एक अक्षर चुकली नव्हतीस."

"आजीने मला मारलं."

"हो."

"तुम्ही तिथे होतात."

"हो."

"कागद खिशात होता?"

"हो, बिरागो."

तिने नाक ओढलं, रडली नाही. पुस्तकाचं शेवटचं पान उलटलं. तिथे त्याने लिहिलं होतं, 'आणि आईने सगळं ऐकलं, कारण आईला लेकीचा आवाज ओळखू येतो.' ती ओळ मला आवडली होती, खरं सांगतो. माझे डोळेही पाणावले होते ती वाचून.

"हे तुम्हाला कसं माहीत?" ती म्हणाली.

अडोमाको गडबडला. "म्हणजे... माहीत असं नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"खोडा."

त्याने पेन घेतलं आणि ओळ खोडली. उभ्या आयुष्यात त्याने ग्राहकाच्या हातातली छापलेली प्रत पेनाने कधी खोडली नव्हती. खाली हाताने लिहिलं, 'आई वळली की नाही, ते छापणाऱ्याला माहीत नाही.' तिने ते वाचलं, मोठ्याने, आणि मान डोलावली. मग म्हणाली, "आता हे आजीला वाचून दाखवा. घरी नाही. माइकवर. तेव्हा जेवढे होते तेवढे सगळे असताना."

"दाखवतो," अडोमाको म्हणाला. मी बाकावरून काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ती वळली. "मास्तर, तुम्ही पण या." एवढंच. कशासाठी ते नाही सांगितलं. पोरीला कितपत ठाऊक होतं, देव जाणे.

वर्षाच्या विधीला मांडव तोच, खुर्च्या त्याच. अडोमाको दर वर्षश्राद्धाला पुस्तिका वाटून निघून जायचा, त्या दिवशी माइककडे गेला. अंगात काळा अंगरखा, हातात ते बारा पानांचं पुस्तक. त्याने ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "छापणारा मी." आणि घडीचा कागद उघडून सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

जाम्फीमामाची खुर्ची मागे पडली. "वर्षभर? वर्षभर तू आमच्याशी हात मिळवलास, पोरीला मान खाली घालून जाताना बघितलंस, आणि कागद तुझ्याकडे? अरे, माणूस आहेस का कोण?"

"मामा, तुम्ही बोलाल ते..."

"बोलत नाही, आता दाखवतोच!"

"जाम्फी, बस खाली." आजी पोकुआ. बसल्या जागेवरून. "त्याने अक्षर चुकवलं. टोला कुणी घातला?"

जाम्फी थांबला.

"विचारतेय मी. तो काय याच्या कॉम्प्युटरने घातला? आणि तो कडू पाला? तो कोण आणत होतं रोज?" आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाने नातवंडाची माफी मागायची पद्धत नाही. कशी मागतात ते तिला माहीतच नव्हतं. तिने खुर्चीवर अंग चोरून अर्धी जागा रिकामी केली आणि त्या जागेवर हात थोपटला. "ये गं. इथे बस."

बिरागो जागची हलली नाही. जरा वेळाने आली, पण खुर्चीत बसली नाही, खुर्चीचा हात धरून उभी राहिली. आजीचा हात हवेत राहिला, मग हळूच तिच्या पाठीवर टेकला. पोरीने तो झटकला नाही. धरलाही नाही.

मयताच्या घरी आलेल्या देणग्या माइकवरून पुकारणारा माणूस मोठा तरबेज. त्याने माइक उचलला, गहिवरल्या आवाजात म्हणाला, "बिरागो, बाळा, ये. आज सगळ्यांसमोर आईचं खरं नाव घेऊन निरोप दे." मांडवात कुजबुज झाली. बायकांनी रुमाल काढले. मीही काढला. खोटं कशाला बोलू, आम्हाला सगळ्यांना तो क्षण हवा होता. तो ऐकला असता तर आमचं वर्षभराचं हसणं धुऊन निघालं असतं.

"नको," बिरागो म्हणाली.

"अगं, लाजू नकोस."

"लाजत नाही. मी दिलाय. काल, घरी, पाव ठेवायच्या खोलीत. तीनदा."

"मग इथेही दे की. लोकांना ऐकू दे."

"लोकांना नव्हता द्यायचा," ती म्हणाली.

तिने माइकशिवाय सांगितलं, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. रुमाल एकेक करत परत आत गेले. कुणीतरी चुलीकडे जाऊन जेवणाचं विचारून आलं. पुकारणाऱ्याने देणग्यांची यादी काढली.

अडोमाको पुस्तक हातात धरून माइकशेजारी उभाच होता. त्याला कुणी हाकलत नव्हतं आणि कुणी बस म्हणत नव्हतं. खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. पण खुर्ची घेऊन तिथवर जायचं, म्हणजे सगळ्या कोनोंगोसमोर त्याच्या शेजारी उभं राहावं लागलं असतं. मी रुमालाची घडी घालत बसलो.